वाचकांचे प्रश्न : वेग वाढताच स्टिअरिंग का थरथरते?

प्रश्न : माझी कार पाच वर्षांची असून तिच्या पुढच्या चाकांना इंजिनची ताकद मिळते. शहरात चालवताना कोणताही त्रास जाणवत नाही. मात्र महामार्गावर ताशी ९० किलोमीटरच्या आसपास स्टिअरिंग थरथरू लागते, १०५ ला ही थरथर सर्वांत जास्त असते आणि ११५ च्या पुढे ती थोडी कमी होते. दोनदा व्हील बॅलन्सिंग आणि एकदा अलाइनमेंट करून घेतले, पण फरक पडला नाही. आता दोन्ही ॲक्सल आणि पुढचे शॉक ॲब्सॉर्बर बदलावे लागतील, असे गॅरेजमध्ये सांगण्यात आले आहे. हा खर्च करावा का?

उत्तर : इतक्यात करू नये. थरथर कोणत्या वेगाला सुरू होते, कुठे जाणवते आणि केव्हा ओसरते, हे तुम्ही नेमकेपणाने लिहिले आहे आणि निदानाचे निम्मे काम त्यातच झालेले आहे. या तपशिलांवरून संशय प्रथम चाकांवर आणि टायरवर जातो. ॲक्सल व शॉक ॲब्सॉर्बर यांच्याकडे बोट दाखवणारे त्यात काही दिसत नाही.

याचे कारण थोडे हिशेबाने पाहू. १८५/६५ आर १५ या मापाच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर असतो, म्हणजे ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे १४ वेळा फिरते. अशा चाकाच्या रिमवर एका बाजूला २० ग्रॅम वजन जास्त असेल, तर त्या वेगाला ते सुमारे तीन किलो वजनाइतक्या जोराने चाकाला बाहेर खेचते आणि हा जोर प्रत्येक फेऱ्यात चहूबाजूंना फिरतो. जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ५० ला तो एक चतुर्थांशच उरतो. शहरात काहीच न जाणवण्याचे कारण हे. शिवाय चाक आणि सस्पेन्शन यांची स्वतःची नैसर्गिक कंपनेही सेकंदाला साधारण १० ते १५ च्या घरात असतात. चाकाचे फेरे या आकड्याशी जुळले की कंप भडकतो आणि वेग आणखी वाढल्यावर काहीसा ओसरतो. तुमच्या गाडीत नेमके हेच घडत आहे.

तरीही इंजिनला आधी वगळावे. ज्या वेगाला थरथर येते तोच वेग कायम ठेवून पाचव्या गिअरमधून चौथ्यात यावे. इंजिनचे फेरे वाढूनही थरथर जशीच्या तशी राहिली, तर इंजिन व त्याची माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे आधार) निर्दोष मानायला हरकत नाही. काही जण यासाठी धावत्या गाडीची चावी बंद करून पाहतात. तसे कधीही करू नये, कारण ब्रेकला मिळणारे साहाय्य संपते आणि स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका असतो.

ॲक्सलची, म्हणजे इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याची, पारख ॲक्सिलरेटरवर होते. ॲक्सलचा आतील जॉइंट झिजला असेल, तर पाय दाबताना, विशेषतः चढावर, गाडी हादरते आणि पाय उचलताच शांत होते. बाहेरील जॉइंट झिजला असेल, तर स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना कटकट असा आवाज येतो. तुमची थरथर स्थिर वेगालाही टिकून राहत असेल आणि जॉइंटवरचे रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलेले नसेल, तर ॲक्सलला हात लावण्याचे कारण नाही. शॉक ॲब्सॉर्बर कंप निर्माण करत नाही. तो दुबळा झाला की दुसरीकडून आलेला कंप आवरत नाही. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडल्याने गाडी एका बाजूला ओढते आणि टायर वाकडा झिजतो. त्या झिजेतून पुढे कंप येऊ शकतो, पण अलाइनमेंट सुधारून तो जात नाही, कारण टायर तोवर खराब झालेला असतो.

आता मुख्य मुद्दा : दोनदा बॅलन्सिंग करूनही गुण का आला नाही? बॅलन्सिंगचे साधे यंत्र वजन कुठे कमी-जास्त आहे एवढेच दाखवते. चाक गोल आहे की नाही, हे ते सांगत नाही. टायरच्या आतील पट्टे सुटले असतील किंवा खड्ड्यात आदळून रिम वाकली असेल, तर वजने लावून यंत्रावर शून्य आणता येते, पण रस्त्यावर ते चाक प्रत्येक फेऱ्याला गाडी किंचित उचलते आणि सोडते. हे घरीही तपासता येते. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना अडण लावावे आणि पुढचे एक चाक जॅकवर उचलून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून ते हाताने सावकाश फिरवावे. विटेवर एक स्क्रू ड्रायव्हर आडवा ठेवून त्याचे टोक टायरच्या नक्षीजवळ आणावे आणि दोहोंमधील फट पाहत राहावी. फट मिलिमीटर-दीड मिलिमीटरपेक्षा अधिक बदलत असेल, तर टायर किंवा रिम संशयास्पद आहे; तसेच टोक रिमच्या कडेजवळ धरले, की दोष दोहोंपैकी कशात आहे ते उलगडते. त्यानंतर नक्षीवरून तळहात फिरवून एखादा उंचवटा लागतो का, हेही पाहावे. फुगवटा आढळल्यास तो टायर महामार्गावर नेऊ नये, कारण तो कधीही फुटू शकतो. केवळ जॅकच्या आधाराने उचललेल्या गाडीखाली जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

यंत्रावर चाक बसवण्यातही चूक होते आणि माझ्या मते ती जितकी वारंवार होते तितकी तिची चर्चा होत नाही. मधल्या छिद्रातील शंकू नीट बसला नाही किंवा तिथे मातीचा थर राहिला, तर यंत्र चुकीच्या केंद्राभोवती मोजमाप करते. म्हणून शून्य आल्यावर कारागिराला चाक सैल करायला सांगावे, ते अर्धा फेरा वळवून पुन्हा आवळून मोजायला सांगावे. पाच ग्रॅमचा फरक सोडून द्यावा. पंधरा-वीस ग्रॅम दिसू लागले, तर आधीचे बॅलन्सिंग निरर्थक होते. यंत्रावर चढवण्यापूर्वी रिमच्या आतील बाजूस वाळलेला चिखल आणि नक्षीत अडकलेले खडे काढलेले असावेत.

तिसरी शक्यता गाडीवर चाक बसवण्याच्या पद्धतीत असते. हबच्या, म्हणजे चाक ज्यावर आवळले जाते त्या भागाच्या, पृष्ठभागावर गंज साठला की रिम किंचित तिरकी बसते. तारेच्या ब्रशने हब स्वच्छ करावा, चाक उचललेले असतानाच नट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत, गाडी खाली घेतल्यावर मालकपुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) पक्के करावेत आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. बाहेरून घेतलेल्या अलॉय चाकांचे मधले छिद्र हबपेक्षा मोठे असेल, तर मध्ये योग्य मापाची कडी हवी.

या सर्वांआधी एक बिनखर्चाची चाचणी मात्र अवश्य करावी. चारही टायर एकाच मापाचे असतील, तर पुढची दोन्ही चाके त्याच बाजूला मागे लावावीत, मागची पुढे घ्यावीत आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने गाडी चालवावी. स्टिअरिंग शांत होऊन थरथर सीटमध्ये आणि पायाखाली जाणवू लागली, तर दोष चाकांबरोबर मागे गेला, हे सिद्ध झाले. स्टिअरिंग पूर्वीसारखेच थरथरत राहिले, तर मात्र हब, बेअरिंग, डिस्क आणि स्टिअरिंगचे जोड तपासायला सांगावे. या चाचणीचा निकाल हाती नसताना सुटे भाग बदलायला संमती देऊ नये. टायर गाडीबरोबर आलेलेच असतील, तर त्यांच्या बाजूवरील चार अंकही वाचावेत. २३२१ म्हणजे टायर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला.

प्रश्न : स्थिर वेगाला गाडी गुळगुळीत चालते, परंतु ताशी १०० वरून ब्रेक दाबला की स्टिअरिंग हलते आणि पेडलही पायाला ढकलते. डिस्क वाकली आहे का?

उत्तर : दोष डिस्कशीच संबंधित आहे, पण ती वाकलेली असण्यापेक्षा तिची जाडी सर्वत्र सारखी नसण्याची शक्यता अधिक आहे. मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश भागाइतका फरकही पायाला कळतो. डिस्कच्या मागे हबवर गंज असला, की डिस्क तिरकी फिरते, प्रत्येक फेऱ्याला एकाच ठिकाणी पॅडला घासते आणि तिथे झिजत जाते. त्यामुळे नवी डिस्क घेतली, पण हब साफ केला नाही, तर काही हजार किलोमीटरनंतर हीच तक्रार परत येते. जुनी डिस्क लेथवर घासून घेणार असाल, तर तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ होऊ देऊ नये. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल धडधडते ते मात्र एबीएसमुळे, म्हणजे ब्रेक दाबताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेमुळे. तो बिघाड नव्हे.

प्रश्न : दोन महिने उभी असलेली गाडी बाहेर काढली, तर पहिले काही किलोमीटर हादरे बसले आणि नंतर आपोआप थांबले. काही करावे लागेल का?

उत्तर : एका जागी उभ्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो आणि चालून टायर गरम झाला की तो पूर्ववत होतो. हवेचा दाब तपासून घ्यावा. एरवी काही करण्याची गरज नाही. अर्ध्या तासाच्या प्रवासानंतरही हादरे राहिले, तर चपटेपणा कायमचा झाला आहे असे समजून ते टायर दाखवून घ्यावेत.