आधी खांदा, मग बार

प्रिय पोरी,

तुझ्या उचलीचा व्हिडिओ पाहिला. ६० किलो वर गेले हे खरं, पण पंचांनी ही उचल दिली नसती. बार छातीला लागला आणि तसाच उसळून वर आला. आपल्या खेळात, म्हणजे पॅरा पॉवरलिफ्टिंगमध्ये (अपंगांची बेंच प्रेस: बेंचवर उताणं पडून बार छातीपर्यंत आणायचा आणि वर ढकलायचा), तो छातीवर थांबलेला स्पष्ट दिसावा लागतो. शिवाय उजवं कोपर आधी सरळ झालं, डावं मागून आलं. दोन्ही हात बरोबरीनेच वर जायला हवेत. तिघांपैकी दोन पंचांनी लाल दिवा दाखवला की बारवर कितीही किलो असोत, खात्यात शून्य. म्हणून पुढचे दोन महिने ४५ च्या वर जायचं नाही. तोंड वाकडं करशील, कर.

जिममधले सर पाय जमिनीत रोवून जोर लाव म्हणतात, असं लिहिलंस. त्यांचा दोष नाही, ते धडधाकटांची बेंच प्रेस शिकवतात. आपले पाय बेंचवरच असतात, पट्ट्याने बांधलेले. स्पर्धेचा बेंच २.१ मीटर लांब असतो, जिममधला आखूड. तेव्हा सुताराकडून त्याच उंचीचा भक्कम खोका करून घे, पाय त्यावर ठेव आणि पट्टा रोज एकाच जागी बांध. भावाला डोक्याशी उभं करून ‘स्टार्ट’ (सुरू कर) आणि ‘रॅक’ (बार जागेवर ठेव) म्हणायला लाव. धडधाकटांना मधे ‘प्रेस’, म्हणजे आता वर ढकल, अशी हाक मिळते, आपल्याला नाही. छातीवर किती थांबायचं ते तुझं तूच ओळखायचं.

१०० किलो कधी होतील, असं विचारलंस. मी उलट विचारते, खांद्यांना सुट्टी कधी देतेस? धावणारी मुलगी दमली की पाय पसरून पडते. तू जिममधून निघालीस की त्याच खांद्यांनी व्हीलचेअर ढकलतेस, रिक्षात चढतेस, घरी खुर्चीतून खाटेवर जातेस, न्हाणीघरात स्टुलावर सरकतेस. आपला विश्रांतीचा दिवस हा खांद्यांच्या दृष्टीने कामाचाच दिवस असतो. खांदा गेला तर खेळ जाईलच, पण उद्या सकाळी खाटेवरून उतरायचं कसं, हा प्रश्न त्याहून मोठा. त्यामुळे जेवढं ढकलतेस तेवढंच ओढायचंही, म्हणजे रोइंग (वजन स्वतःकडे ओढणं) आणि रबरबँडचे खांद्याचे व्यायाम. कंटाळवाणे आहेत, तरी करायचे. खाट आणि व्हीलचेअरची उंची सारखी करून घे, दिवसभरातला बराच ताण तिथेच वाचेल. रात्री एका कुशीवर झोपवेना, हात डोक्यावर नेताना कळ आली, तर बाम चोळून बार धरायचा नाही. त्या दिवशी फिजिओकडे.

घाई कशाला? पॅरालिम्पिकमध्ये बायकांना हा खेळ मिळाला तोच मुळी २००० मध्ये, सिडनीत. मेक्सिकोच्या अमालिया पेरेसने तिथे रौप्य घेतलं, अथेन्सला पुन्हा रौप्य, मग बीजिंगपासून टोकियोपर्यंत ओळीने चार सुवर्णं आणि २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य. सात पॅरालिम्पिक, सात पदकं. खांदे शाबूत असल्याशिवाय हे होत नाही.

आपल्याकडची सकीना खातून बघ. बंगालमधल्या बसिरहाटची, लहानपणी पोलिओ झालेला, आधी पोहायची. २०१४ मध्ये ग्लासगो राष्ट्रकुलात कांस्य, २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत रौप्य, टोकियोत ५० किलो वजनगटात ९३ किलो उचलून पाचवी, पॅरिसला ४५ किलो गटात सातवी. पॅरिसला त्याच गटात चीनच्या गुओ लिंगलिंगने १२३ किलो उचलून विश्वविक्रम केला. सकीनाचे ८६. हे अंतर तुझ्यापासून लपवत नाही, कारण ‘मनात आणलं तर काहीही शक्य’ असली भाषणं मला सहन होत नाहीत. अंतर मोठं आहे आणि ते वर्षांनीच कमी होतं.

कागदांचं थोडक्यात. तुझ्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर ४० टक्के असो वा ८०, त्यावर खेळातली पात्रता ठरत नाही. क्लासिफिकेशन, म्हणजे खेळासाठीची पात्रता तपासणी, वेगळं होतं, तपासणारे वेगळे असतात. जुने रिपोर्ट, एक्स-रे सगळं एका फाईलला लाव. औषधांची यादीही त्यात ठेव. सूज किंवा बीपीसाठी देतात त्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या उत्तेजकांच्या बंदी यादीत आहेत, हे गावच्या डॉक्टरांना ठाऊक असेलच असं नाही. खरंच लागत असतील तर आधी रीतसर परवानगी काढायची. आणि जिमच्या काउंटरवरची पावडर फुकट दिली तरी घेऊ नकोस. तुझ्या नमुन्यात काही सापडलं तर बंदी तुझ्यावर येईल, देणाऱ्यावर नाही.

आता राज्य स्पर्धेचं. खालचा वजनगट गाठायला पाणी तोडायचं नाही. तू कॅथेटर (लघवीची नळी) वापरतेस, पाणी तोडलंस की लघवीचा संसर्ग आलाच, आणि तापात कसली स्पर्धा? वरच्या गटात खेळलीस तरी चालेल. खेळाडूंचं वजन घेणं स्पर्धेच्या साधारण दोन तास आधी सुरू होतं. ते झालं की केळं, गूळपोळी, जे रोज पचतं तेच खा. नवीन काही नको.

पहिल्या उचलीला ५० लिहून दे. बाकीच्या मुली ६५ लिहितील, लिहू देत. उचल फसली तर वजन खाली आणता येत नाही, तेच पुन्हा धरावं लागतं किंवा वर जावं लागतं, आणि तिन्ही उचली फसल्या की निकालात नावापुढे काहीच राहत नाही. दुसरीला किती लिहायचं ते मी तिथे तुझी पहिली बघून सांगेन.

तुझी,
ताई