साखरपुड्याआधी कसलीही सफाई देऊ नकोस

प्रिय बेटा,

तुझा मेसेज वाचला. पाहुण्यांनी मध्यस्थामार्फत तुझ्या पुण्याच्या हॉस्टेलची, मित्रांची चौकशी केली, तुझ्या आईचं एकच चालू की लोके काय म्हनतीन, आणि म्हणून तू स्वतःच सांगून मोकळी होणारेस की माझं कोणाशी काही नव्हतं. सांगू नकोस गं. अमळनेरला एवढी वर्षं इतिहास शिकवला, त्यातलं थोडं ऐक.

स्पेनची कॅथरीन १५०१ मध्ये इंग्लंडच्या राजपुत्र आर्थरची बायको झाली, पाच महिन्यांत तो वारला, मग १५०९ ला त्याच्या भावाशी, आठव्या हेन्रीशी तिचं लग्न झालं. मुलगा जगेना, हेन्रीचं मन दुसरीवर गेलं, तर हे लग्न रद्द करून घ्यायला १५२९ मध्ये भर कोर्टात वाद कशावर, तर आर्थरशी तिचा संबंध आला होता का यावर! तो जाऊन सत्तावीस वर्षं झालेली आणि मोठेमोठे सरदार साक्ष देतायत की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आर्थर काय बोलला. तिने हेन्रीपुढे गुडघे टेकून, देवाला साक्षी ठेवून सांगितलं की मी कुमारिकाच आले. राणीपद गेलं ते गेलंच. ज्याला सोडायचंच होतं त्याला खरं ऐकून काय करायचं होतं?

पुढे पाचवी राणी, कॅथरीन हॉवर्ड. लग्नाआधीचं प्रकरण बाहेर आलं, मग आणखी आरोप निघाले, १५४२ ला तिचा शिरच्छेद. वर कायदाच केला की आधीचे संबंध लपवून राजाशी लग्न केलं तर तो राजद्रोह. आणि याच हेन्रीने लग्नाबाहेरच्या मुलाला १५२५ मध्ये ड्यूक केलं होतं. मला याचा आजही संताप येतो.

गादीला वारस आपल्याच रक्ताचा पाहिजे, मुळात एवढंच होतं ते, त्यात शीलबिल काही नव्हतं, आपल्याकडे गादीच्या जागी शेतजमीन आणि भाऊबंदांतली इज्जत आली. आणि हे फार जुनंही नाही, १९८१ मध्ये डायना वीस वर्षांची, चार्ल्स बत्तीसचा, त्याची आधीची प्रेमप्रकरणं सगळ्या जगाला माहीत, तरी डायनाच्या मामाने पेपरवाल्यांना सांगितलं की पोरीचं कोणाशी काही नव्हतं. संसार टिकला का त्याने? उलट नॉर्वेच्या युवराजाने २००१ मध्ये एक लहान मुलगा असलेल्या मेटे-मारिटशी लग्न केलं, तिने लग्नाच्या काही दिवस आधी आपल्या भूतकाळाबद्दल स्वतः जाहीर बोलून घेतलं, तिला वाटलं तेवढंच.

आता तुझं. कोणी डॉक्टरकडच्या कौमार्य-तपासणीचं काढलं तर तिथेच उठ, अशा तपासणीतून काही कळत नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच ती बंद करा म्हटलंय. मुलाशी एकटीने बोल, नोकरी, कर्ज, दारू, आधीचं प्रेम, सगळं विचार, तोही विचारू दे, पण उत्तर त्याला दे, मध्यस्थाला नाही. आईला माझ्याकडे पाठव, तिच्याशी मी बोलते. आणि स्थळ मोडलं तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी आलीस की सरळ माझ्याकडे ये, पुढचं बघू.

तुझी,
मॅडम