ताई, कामाच्या पहिल्या वर्षी ब्रश आणि तांदळाएवढी पेस्ट, बास

ताई, अंगणवाडीत दातांचं काम सुरू करताय, छान. पण शिबिराच्या मांडवावर पैसे घालू नका. मोहोळकडच्या वाड्यांवर मी तीच चूक केली: किडलेले दात मोजले, फोटो काढले, पोरं होती तिथंच राहिली.

हिशेब सोपा आहे. तीन वर्षांखालच्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट लागते. दोन वेळा घासूनही 100 ग्रॅमची ट्यूब वर्षभर पुरते. दुधाची दाढ ठणकायला लागली, की सोलापूरच्या फेऱ्या, बुडालेली मजुरी आणि दवाखान्याचं बिल, सगळं मिळून हजारांत जातं.

सुरुवातीला एवढंच:

- पेस्ट 1000 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची, दात किडण्यापासून वाचवतं ते. खोक्यावर वाचून घ्या. तीन ते सहा वयात वाटाण्याएवढी.
- ब्रश आईनं नाहीतर आजीनं धरायचा. पोराच्या हाती दिला की ते नुसतं चावत बसतं.
- रात्री घासल्यावर चहा-बिस्कीट, गुळाचा खडा बंद. ऊसतोडीच्या दिवसांत हे जड जाईल, तेव्हा निदान घासणं तरी चुकू देऊ नका.

आजी मिश्री लावत असेल तर आधी तिच्याशी बोला. लेकरू तिचंच बघून बोट फिरवतं. फ्लोराइड व्हार्निशचं, म्हणजे दातांवर लावायच्या लेपाचं, पुढच्या वर्षी बघू.