रोज दोन अंडी खाल्ली तर हृदयाला धोका आहे का? बलक काढून टाकावा का?

मधुमेह नसेल आणि एलडीएल (रक्तवाहिन्यांत साचणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल) आटोक्यात असेल, तर रोज एक अख्खं अंडं खायला हरकत नाही. दुसऱ्याचा फक्त पांढरा भाग घ्या. रोज दोन बलक मी तरी सरसकट कुणाला सुचवणार नाही.

एका मोठ्या अंड्यात साधारण 186 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं आणि ते सगळं बलकात. याच धास्तीने 1968 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने आठवड्याला तीनच बलक, अशी मर्यादा घातली होती. पण रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं. खाण्यातून जास्त आलं, की बहुतेकांचं यकृत आपलं उत्पादन कमी करतं. त्यापेक्षा सॅच्युरेटेड फॅट (लोण्या-तुपात भरपूर असणारी संपृक्त चरबी) जास्त नडतं, कारण त्याने रक्तातलं एलडीएल उचलण्याचं यकृताचं काम मंदावतं. अंड्यात ते जेमतेम दीड ग्रॅम, तर मोठा चमचाभर (14 ग्रॅम) लोण्यात 7 ग्रॅम. लोण्यात ऑम्लेट परतायचं आणि खापर अंड्यावर फोडायचं, असा प्रकार फार चालतो! उकडून खा, नाहीतर चमचाभर वनस्पतिजन्य तेलात करा.

संशोधनातही एकवाक्यता नाही. 2019 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात रोज अर्धं अंडं वाढलं की हृदयविकाराचा धोका सुमारे 6 टक्क्यांनी जास्त दिसला. 2020 मध्ये 'बीएमजे' या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासात रोज एका अंड्यापर्यंत तो वाढलेला दिसला नाही. दोन्ही निरीक्षणात्मक अभ्यास, म्हणजे लोक एरवी जे खातात त्याची फक्त नोंद ठेवणारे, त्यामुळे सोबत काय खाल्लं जातं याचा परिणाम पूर्णपणे वेगळा काढता येत नाही.

काही जणांचं एलडीएल मात्र बलकाने खरंच चढतं. तुम्ही त्यातले आहात का, हे रक्त तपासूनच कळेल. आधी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी) करा, मग सहा आठवडे ठरलेली अंडी खा आणि त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. या काळात तेल, वजन, व्यायाम, औषधं काहीही बदलू नका. लोक इथेच चुकतात: अंडी आणि डाएट एकदमच सुरू करतात, मग कशाने काय झालं ते कळत नाही. टोटल कोलेस्टेरॉल नको, एलडीएल पाहा. पाच-सात अंकांचा फरक एरवीही पडतो. वीसेक अंकांनी वाढलं तर बलक आठवड्याला दोन-तीनवर आणा आणि पुन्हा तपासा.

मधुमेह, आधी आलेला हार्ट अटॅक किंवा घराण्यात कमी वयातला हृदयविकार असेल, तर हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नका. बलक किती, हे डॉक्टरांना विचारा. तोवर पांढरा भाग बिनधास्त खा.