इंग्लंडची सुतारकामाची हत्यारं घेतोयस? आधी धारेचा दगड घे

अरे अख्खा सेट मागवू नकोस, सुरुवातीला बहुतेकांची हीच चूक होते. अ‍ॅशली आइल्स कंपनीच्या दोनच पटाश्या घे, ६ आणि १९ मिमी रुंदीच्या. लिंकनशायरचं हे घराणं १९४९ पासूनचं, पात्याच्या कडा किती बारीक घासल्यात ते हातात धरून बघच! करवत शेफिल्ड शहरातल्या थॉमस फ्लिन कंपनीची घे. क्लिफ्टन या नावाचे रंधेही आता तीच कंपनी बनवते म्हणून ते रंधे टिकले, मला याचा फार आनंद आहे. पण नवा रंधा महाग पडतो, सध्या रेकॉर्ड कंपनीचा जुना ४ नंबरचा रंधा भरपूर झाला.

- पटाशीची पाठ आधी धारेच्या दगडावर सपाट कर, मग धार लाव; मनगटावरचे केस निघाले की धार आली
- करवत दाबू नकोस, तिच्या वजनानेच चालू दे

करवतीच्या दातांना धार लावणं नंतर बघू.