वाचकांचे प्रश्न: धास्ती भूकंपाची, पाणी मात्र सवयीचं

प्रश्न: आमची सोसायटी मुंबईत कुर्ल्याला, मिठी नदीजवळ. कुठल्याही भूकंपाची बातमी आली की सासूबाईंची झोप उडते. पण जुलैत त्याच गुडघाभर पाण्यातून भाजी आणायला निघतात. असं का? त्यांना थांबवायचं कसं?

उत्तर: भीती शक्यता मोजून वाढत नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी 1987 मध्ये दाखवलं, की जे अनोळखी असतं, हाताबाहेरचं वाटतं आणि एका फटक्यात अनेकांना घेऊन जातं, त्याचाच धसका माणूस घेतो. भूकंप तसाच, शिवाय 1993 चं किल्लारी त्यांच्या पिढीला विसरता येत नाही. पाणी मात्र दरवर्षीचं, चालायचं आपल्याच पायांनी. 'गेल्या वेळी गेले, काही झालं नाही' हा हिशोब सगळ्यात घातक. गेल्या वेळी मॅनहोलचं झाकण जागेवर होतं, एवढंच त्यामागचं कारण असू शकतं.

समजावणी आणि आकडे इथे फारसे चालत नाहीत. नियम चालतो, तोही कोरड्या दिवशी ठरवलेला. गेटच्या भिंतीवर रस्त्यापासून 15 सेंमी उंचीवर लाल रेघ ओढा. पाणी रेघेला लागलं की घरातलं कोणी बाहेर पडणार नाही. वाहतं पाणी एवढं असलं तरी मोठा माणूस पडू शकतो, 30 सेंमीला छोटी गाडी सरकते. रेड अलर्ट लागला की दोन दिवसांची भाजी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवा, म्हणजे वादच नको. भरतीचं वेळापत्रकही बघा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले, की नाल्यांची तोंडं समुद्राच्या पातळीखाली जातात आणि पाणी तुंबतं. ओहोटी लागली की उतरू लागतं, म्हणून दोन-तीन तास थांबलेलं बरं.

वाटेत अडकल्याच, तर पुढची जमीन काठीने चाचपत चालावं, विजेच्या खांबाला हात लावू नये. घरी आल्यावर पाय साबणाने धुवावेत. टाचांना भेगा किंवा जखम असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या घाण पाण्यातून होणारा तापाचा आजार) धोका जास्त. 72 तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्यावी. मनाने डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन, हीच ती गोळी) घेऊ नये. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर 'पाण्यातून गेले होते' हे आधी सांगावं.

भूकंपाची काळजी मात्र उडवून लावू नका. इमारत 30 वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, झालंय का, हे कमिटीला विचारा. सासूबाईंनाच विचारू द्या, त्यांना हातात काही धरायला मिळेल.

प्रश्न: रेड अलर्ट देतात आणि ऊन पडतं. विश्वास ठेवायचा कसा?

उत्तर: अलर्ट पूर्ण जिल्ह्याचा असतो, पाऊस गल्लीचा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पडला, कुलाब्यात 75 सुद्धा नाही. कुलाबेकरांच्या लेखी त्या दिवशीचा इशाराही फुकटच ठरला असता. सकाळच्या रंगावर दिवस ठरवू नका. बाहेर पडण्याआधी हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांचा अंदाज बघा.