प्रसाद कशासाठी घ्यावा?

प्रश्न : माझ्या चोवीस वर्षांच्या मुलाने गेल्या चतुर्थीनंतर आपण समलिंगी असल्याचे मला सांगितले. आमची कुलदेवता म्हार्दोळची म्हाळसा. थोरले दीर म्हणतात, देवीला गाऱ्हाणे घालून प्रसाद घ्यावा, म्हणजे मूर्तीला पाकळ्या लावून तिचा कौल विचारावा, आणि यंदाच त्याचे लग्न उरकावे. लहानपणी जायांच्या म्हणजे जाईच्या फुलांच्या पूजेला माझ्या शेजारी बसून वळेसर (गजरे) गुंफणारा हा मुलगा आता देवळाची पायरी चढत नाही. देवीच्या सेवेत आमचे काही चुकले असेल का? – एक आई, फोंडा

उत्तर : ताई, तुमचे काहीही चुकलेले नाही. समलैंगिकता हा आजार नाही, असे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये जाहीर केले आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून काढले. प्रसाद घेताना मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांतली उजवी पडते की डावी, याकडे डोळे लावून बसतो तेव्हा दोन वाटांपैकी कोणती धरावी, हे आपण विचारत असतो. मुलाच्या घडणीला दुसरी वाटच नसेल, तर देवीला विचारायचे तरी काय? लग्न उरकल्याने मात्र दुसऱ्या घरच्या एका मुलीची फसवणूक होईल आणि तीही त्याच देवीच्या साक्षीने.

म्हाळसा म्हणजे मोहिनी, विष्णूने घेतलेले स्त्रीरूप. तिच्या अंगावर जानवेही असते. यावरून देवीने समलिंगी नात्यांना कौल दिला आहे, असे म्हणणे ओढूनताणून होईल, आणि ते मी म्हणणार नाही. परंतु स्त्री-पुरुषाच्या ठरीव चौकटीत न मावणारे रूप आपले पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या मनोभावे पूजत आले, एवढे तरी दिरांसमोर ठेवता येईल. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरांतही हाच पेच आहे : विवाहाची आपली व्याख्या न बदलता व्हॅटिकनने डिसेंबर २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याची मुभा पाद्रींना दिली, तेव्हा चर्चमध्येही मोठा वाद झाला.

मला अधिक काळजी वाटते ती त्या न चढलेल्या पायरीची. मुलाची श्रद्धा गेली, असे तुमच्या पत्रावरून वाटत नाही. देवळात गेलो की आपल्या नावाने गाऱ्हाणे घातले जाईल, ही धास्ती त्याला आडवी येत असावी. म्हणून आधी दिरांशी तुम्ही स्वतः बोला, ते ओझे त्याच्यावर टाकू नका. मग जायांच्या पूजेच्या आदल्या दिवशी कळ्यांची परडी घेऊन त्याच्या शेजारी बसा आणि गाऱ्हाणे घातले जाणार नाही, एवढेच त्याला सांगा.